बोट उचललं कुणी?

१

सोमवारी सकाळी बुलडोझरने माझ्या नवऱ्याची कबर उकरली आणि दुपारची कोनफळं शिजेपर्यंत गावाने गुन्हेगार ठरवूनही टाकला. आमच्या लोनवेरचं हे असंच आहे. विहिरीत पडलेली बादली काढायला आठवडा लागतो, पण ती पाडली कुणी हे सांगायला सगळे हजर.

मी एलसी. एकतीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, म्हणून माझ्याहून थोराड माणसंसुद्धा मला बाईच म्हणतात. सिलास माझा नवरा. डुकरं मारून मोठी पदवी मिळवलेल्या पुरुषांना आमच्याकडे समुद्राकडच्या दगडी भिंतीआड पुरतात, आणि तिथे बायकांनी पाऊल टाकायचं नाही. अकरा वर्षं मी भिंतीबाहेर उभी राहून आत फुलं फेकत आले. ती कुठे पडतात तेही मला दिसत नव्हतं. सोमवारी भिंतच राहिली नाही, तेव्हा मी पहिल्यांदा नवऱ्याची कबर पाहिली. निम्मी पाहिली. उरलेली निम्मी बुलडोझरच्या दातात होती.

झालं होतं असं. किनाऱ्याची पट्टी आम्ही एका रिसॉर्टवाल्या साहेबाला पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणार होतो. त्याआधी गावाने काय राखायचं ते आकाशातून टिपलेल्या फोटोच्या नकाशावर हिरव्या रंगाने दाखवायचं होतं. हिरव्याच्या आत आपलं, बाहेरचं साहेबाचं. ओढा, झरा, शाळा, पुरण्याची जागा, सगळं आत असायला हवं होतं. पण सरकारदरबारी नोंद झालेल्या कागदावर पुरण्याच्या जागेतून आरपार सरळ रेघ गेली होती. समुद्राकडची अर्धी जागा साहेबाची आणि सिलास त्या अर्ध्यात, रेघेला लागूनच.

तो हिरवा आकार काढला होता रोसलिनने. टॅब्लेटवरच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर तेव्हा नवशिकी, जेमतेम दोन आठवड्यांची. सगळं खापर तिच्यावर फुटलं. शनिवारी वडाखाली बैठक बसणार आणि तिला घरातून काढून पामाला, तिच्या आईच्या बेटावर, धाडून देणार असं जो तो बोलत होता.

मला रडायला वेळ नव्हता. मी सिलासची हाडं चटईत गोळा करत होते. ती करताना मान वर केली तर दोन झाडं दिसली. नामेलेची, बुटकी, माथ्यावर पानांचा गोल झुबका. नामेले म्हणजे मनाईची खूण, ड्रायव्हरनेही त्याला धक्का लावला नव्हता. एक जागेच्या या कडेला, एक त्या कडेला. आणि बुलडोझरने पाडलेली वाट नेमकी या झाडापासून त्या झाडापर्यंत गेली होती.

तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

२

रोसलिन चुलीपाशी बसून केळीच्या पानात भाजायच्या लापलापसाठी नारळ खवत होती. वय बत्तीस, पण माझ्यासमोर अजून तिसरीतल्यासारखी बसते.

"बाई, चहा टाकू?"

"चहा राहू दे. तो आकार कसा काढलास ते सांग. अगदी पहिल्यापासून."

"शिकवायला होता तो माक्सन म्हणाला, टिचक्या मारत जा, टिंब टिंब दे. मला ते आवडेना. सगळं कोपरे कोपरे होतं हो. आपला ओढा काय कोपऱ्या-कोपऱ्याने वाहतो? मग त्याने पेन्सिलची खूण दाखवली. ती दाबली की मोकळ्या हाताने काढता येतं, बोट जाईल तशी रेघ." ती जराशी हसली. "पहिले तीन दिवस नुसते बटाटे काढले. शाळा काढायला जायचे, व्हायचा बटाटा. काच गुळगुळीत, बोट घसरतं. मग मी घरी येऊन आधी वाळूत काढायचे आणि दुसऱ्या दिवशी काचेवर."

"आणि शेवटचा, खरा?"

"तो गेल्या महिन्यात, एका गुरुवारी. वडापासून निघाले. ओढा, झरा, मग पुरण्याची जागा. तिला भिंतीच्या बाहेरून वळसा घातला. आत कुठे काय आहे ते मला कुठे ठाऊक? मग शाळा आणि परत वडाशी. माक्सनच्या हातात दिलं. तो म्हणाला, छान."

मी विचारायला नको होतं ते विचारलं.

"मध्ये कुठे बोट उचललं होतंस का?"

खवणीवरचा तिचा हात थांबला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"अगं, नवी वस्तू, घसरणारी काच..."

"गावाने विचारलं तर मी समजू शकते. तुम्हीसुद्धा?"

आमच्या अंब्रिम बेटावर वाळूत चित्रं काढतात ती एका रेघेत. बोट टेकलं की निघालेल्या जागी परत येईपर्यंत उचलायचं नाही. मध्ये उचललंस की चित्र मेलं, पुसून टाक. रोसलिनला हे तिच्या बुबूने, म्हणजे आजोबांनी, शिकवलं. आठ वर्षांची असताना तिने शाळेच्या अंगणात कासवाचं चित्र काढलं होतं, शंभरेक वळणांचं, आणि माशी नाकावर बसली तरी बोट हललं नव्हतं. ते मी स्वतः उभी राहून पाहिलं होतं.

तरी विचारलं. म्हातारी झाले म्हणून असेल, नवऱ्याची हाडं हातात घेऊन आले होते म्हणूनही असेल. निमित्तं पुष्कळ आहेत. ती पुन्हा नारळ खवायला लागली आणि मी निघाले तरी तिने मान वर केली नाही.

३

माक्सन राजधानीत, पोर्ट व्हिलाला वाढला. तिथे जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली चार वर्षं काम करून गावी आलेला. पायात बूट घालून चिखलात फिरतो आणि चिखलालाच शिव्या देतो.

"बाई, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. थांबा, दाखवतो."

त्याने टॅब्लेटवर पेन्सिल दाबली, बोटाने अर्धगोल काढला आणि बोट उचललं. उचलल्याबरोबर शेवटच्या टोकापासून पहिल्या टोकापर्यंत सरळ रेघ आपोआप उमटली आणि आतलं सगळं हिरवं झालं.

"बोट उचललं की त्याला वाटतं, याचं झालं. मग ते स्वतःच तोंड बंद करतं, सरळ रेघेत. आता आपला नकाशा बघा. बाकी सगळी रेघ हाताची, वळणावळणाची. आणि इथे, पुरण्याच्या जागेवर, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. तिने बोट उचललं, बस्स."

"आणि तू पाठवण्याआधी बघितलंस?"

"हिरवं दिसलं, पाठवलं."

"शाब्बास! चार वर्षं व्हिलात हेच शिकलास?"

तो बुटांकडे बघायला लागला.

"गुरुवारी काढलं, पाठवलं त्याच्या पुढच्या सोमवारी. चार दिवस टॅब्लेट होतं कुठे?"

"चीफच्या घरी. सोलर आणखी कुणाकडे आहे? पण त्यांच्या पडवीत सगळेच चार्जिंगला येतात बाई. पास्टर येतात, दुकानवाला येतो, मी येतो."

"आणि हे चालवता कुणाकुणाला येतं?"

"शिकायला सहा जण बसायचे. शिकली एकटी रोसलिन. पास्टर रोज विचारायचे की वरून चर्चचा क्रूस का दिसत नाही. दुकानवाल्याला स्वतःचं दुकान शोधायचं होतं. चीफ शेवटच्या दिवशी आले, मागे बसले, चुकलं तर पुसतात कसं एवढं विचारलं आणि गेले."

"तू तुझ्या हाताने काढून दाखव. आपलं गाव."

त्याने टिचक्या मारल्या. टक, टक, टक. सात टिंबांत गाव संपलं.

"पेन्सिलने काढ की."

"पेन्सिलने कोण काढतं बाई? ते पोरखेळ आहे. कामाचा माणूस टिंबंच देतो." तरी त्याने प्रयत्न केला आणि ओढ्यापाशीच बटाटा झाला. मला त्याच्यावरचा संशय सोडून द्यावा लागला. रागाने सोडला, पण सोडला.

"एक सांग. रेघ कुठून सुरू झाली ते कळतं का?"

"कळतं ना. पहिलं टिंब जरा मोठं दिसतं." त्याने दोन बोटांनी नोंदलेला नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. "हे बघा."

वड तिथून बराच लांब होता. मोठं टिंब पुरण्याच्या जागेच्या कडेला होतं, एका झाडाच्या अगदी डोक्यावर. वरून ते झाड पानांच्या गोल चक्रासारखं दिसत होतं.

"आणि संपली कुठे?"

त्याने नकाशा सरकवला. समोरच्या कडेला, तसंच झाड, तसंच चक्र. टिंब बरोब्बर मधोमध.

"योगायोग," माक्सन म्हणाला.

ती दोन्ही झाडं मी सोमवारी पाहिली होती.

४

रात्री झोप लागली नाही असं सांगणार नाही, गाढ झोपले. मला सकाळी विचार करायची सवय आहे, फळा पुसताना. आता फळा नाही, म्हणून अंगण झाडताना केला.

रोसलिन वडापासून निघाली होती, कागदावरची रेघ नामेलेपासून निघाली होती. म्हणजे तिचा आकार कुणीतरी पुसला आणि दुसरा काढला. माक्सनला मोकळ्या हाताने काढता येत नाही. ज्याने काढलं त्याचा हात चांगला, वाळूत मुरलेला. पण वाळूत मुरलेला हात बोट उचलत नाही. मग याने का उचललं? आणि उचललं तेही घसरून नव्हे, बरोबर झाडावर नेऊन.

झाडू हातात धरून मी तशीच उभी राहिले.

त्याला ती रेघ हवी होती. किनाऱ्याकडची अर्धी जागा साहेबाला जायला हवी होती. पण मेलेल्यांच्या अंगावरून स्वतःचं बोट ओढायची त्याची छाती झाली नाही. म्हणून एका नामेलेपासून निघाला, सगळ्या गावाला वळसा घालून दुसऱ्या नामेलेशी आला आणि तिथे बोट उचललं. मधली रेघ यंत्राने काढली. मी कुठे काढली, असं त्याला स्वतःला सांगता यावं म्हणून.

आता ही झाडं भिंतीच्या आत. बाहेरून दिसत नाहीत, आणि आकाशातून बघितलं तरी हजार झाडांत ती कुठली हे आत गेलेल्यालाच कळणार. आत जायचा हक्क आमच्या गावात तिघांना होता. म्हातारा बोंगरान, तो तिथेच पुरलाय. सिलास, तोही तिथेच. तिसरा माझा दीर, चीफ जोफिल.

सिलासचा सख्खा धाकटा भाऊ. लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या हातचं लापलाप खायला रोज यायचा.

शुक्रवारी दुपारी मी त्याच्या पडवीत गेले. तारांचा गुंता, चार्जिंगला लावलेले फोन आणि भिंतीवर त्याच्या नेटीचा फोटो. नेटी त्याची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात अडली. जहाज खडकांमुळे लांब उभं राहतं, म्हणून तिला उघड्या होडीत घालून न्यावं लागलं. होडी जहाजापर्यंत पोचली, नेटी पोचली नाही.

"बसा वहिनी," तो म्हणाला. तो बारीक झाला होता.

"भावोजी, उद्या मला बोलायचंय."

"बैठकीत बायका बोलत नाहीत."

"मी रोसलिनची मास्तरीण म्हणून बोलणार. आणि तुमचीही, आठवतंय ना? आकडेमोड कुणी शिकवली?"

तो हसला नाही. समुद्राकडे बघत म्हणाला, "जहाज अजून लांबच थांबतं, वहिनी."

"माहीत आहे मला."

"बोला मग," तो म्हणाला. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं होतं.

५

शनिवारी वडाखाली सगळं गाव. काळी वाळू पाणी मारून सपाट केलेली. रोसलिन एका बाजूला एकटी, तिच्याभोवती चार हात जागा मोकळी. जिच्या मांडीवर गावातली निम्मी पोरं वाढली, तिच्याजवळ बसायला एक बाई नाही.

दुकानवाला उठला. "मुद्दा सरळ आहे. जिला येत नाही तिने करू नये. आमच्या वाडवडिलांची..."

"तुला स्वतःचं दुकान सापडलं का रे नकाशावर?" मी विचारलं. लोक हसले, तो खाली बसला.

मी वाळूवर खुणा मांडल्या. शिंपले ठेवले वडाला, झऱ्याला, शाळेला. छोट्या दगडांचा गोल पुरण्याच्या जागेला. त्यात एक पांढरा खडा सिलासचा. आणि गोलाच्या दोन कडांना दोन हिरवी पानं. ती कशाची, कुणी विचारलं नाही.

"रोसलिन, त्या गुरुवारी काढलंस तसं काढ."

ती आली, गुडघ्यावर बसली आणि वडाच्या शिंपल्याशी बोट टेकलं. ओढा, झरा, दगडांना बाहेरून वळसा, शाळा, परत वड. एक रेघ, कुठे तुटली नाही, कुठे जोडली नाही. तिने हात झटकला आणि जाऊन आपल्या मोकळ्या जागेत बसली.

"आता कागदावरची रेघ," मी म्हणाले. मी तिची रेघ तळव्याने पुसली. "पुरण्याच्या जागेतून जाणारी. नीट काढता येईल असा हात गावात आणखी एकच आहे. भावोजी, या."

"मी कशाला?"

"तुमच्याहून चांगलं कोण काढतं? एका रेघेत, बोट न उचलता. आपली रीत आहे ती."

नाही म्हणायला जागा नव्हती, सगळं गाव बघत होतं. जोफिल खाली बसला. त्याचा हात खरंच सुंदर चालतो, सिलाससारखाच. वडापासून निघाला, ओढ्याची वळणं घेतली, झऱ्याला वळसा घातला आणि पहिल्या हिरव्या पानाशी आला.

पुढे पांढरा खडा होता.

बोट थांबलं. पानाशी टेकलेलं, उचललेलं नाही, पण पुढेही जाईना. लोकांना आधी काही कळलं नाही. मग माक्सनला कळलं, तो मोठ्याने म्हणाला, "अरे देवा! नामेले!"

"ओढा की भावोजी," मी म्हणाले. "टॅब्लेटवर हे काम यंत्राने केलं. इथे यंत्र नाही, इथे तुमच्याच बोटाने तुमच्या भावावरून जावं लागेल."

त्याने बोट उचललं.

"साहेबाने जेटी बांधून द्यायचं कबूल केलं होतं," तो वाळूकडे बघत म्हणाला. "पाणी खोल आहे ते फक्त तिथेच, त्या जागेखाली. जेटी झाली की जहाज किनाऱ्याला लागतं. मेलेल्यांना जहाज लागत नाही, वहिनी. नेटीला लागलं असतं. सिलास असता तर त्यानेच दिली असती जागा."

"मग विचारायचं होतंत गावाला. मला विचारायचं होतंत. मी दिली असती." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला इतका संताप आला. "ते सोडा. त्या पोरीचं काय? पाच दिवस तिच्यावर थुंकत होते लोक. तुम्ही पडवीत बसून ऐकत होतात!"

"मला वाटलं, चार दिवसांनी विसरतील."

मी वाकून पांढरा खडा उचलला आणि मुठीत घेतला.

६

जोफिलने चीफपद सोडलं. रोसलिनला भरपाई म्हणून सुळेवालं डुक्कर आणि दहा चटया द्यायचं ठरलं. नोंद झालेला कागद मात्र नोंद झालेलाच राहिला. व्हिलाहून आलेल्या वकिलाने सांगितलं, आकार गावाचा, सही चीफची, भांडायचं तर दहा वर्षं भांडा. जेटीचं साहेब आता म्हणतो, बघू.

रोसलिनने डुक्कर घेतलं नाही. चटयाही घेतल्या नाहीत. मंगळवारी तिने सामान बांधलं.

मी तिच्या दाराशी गेले. "आता कशाला जातेस? सगळ्यांना कळलंय ना, तुझी चूक नव्हती."

"सगळ्यांना आधीच माहीत होतं, बाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी बोट उचलत नाही हे या गावात कुणाला माहीत नाही? एकाने तरी म्हणायचं होतं. मला पुरावा नको होता हो. नुसतं कुणीतरी म्हणायला हवं होतं."

"मी शोधून काढलं, रोसलिन."

"हो. विचारल्यानंतर."

बुधवारी सकाळी पामाची होडी गेली. मी किनाऱ्यावर गेले नाही, धीर झाला नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या दारात वाळूचं चित्र काढून ठेवलं की तो निरोप असतो, वारा पुसेपर्यंत वाचायचा. मी दार उघडलं तर माझ्या अंगणात चित्र होतं.

आपलं गाव. वडापासून निघालेली एक रेघ, कुठे उचललेली नाही. ओढा आत, झरा आत, भिंतीआडची सगळी जागा आत. चर्च, दुकान, एवढंच काय, जोफिलचं घरही आत. रेघ शाळेवरून पुढे आली होती आणि एका ठिकाणी, बोट जरासुद्धा न थरथरता, आतल्या बाजूला वळून, एका छोट्या चौकोनाला बाहेर ठेवून परत वडाशी गेली होती.

तो चौकोन माझ्या घराचा होता. मी दुपारपर्यंत उंबऱ्यात बसून राहिले, आणि त्या दिवशी अंगण झाडलं नाही.